फायबर आली तरी ऑफिसात स्पीड ९४ वरच अडकतोय? राउटर बदलण्याआधी आणि बदलताना काय करायचं

पावसाच्या तोंडावर राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत गेलो होतो. जुनं चिऱ्याचं घर, पडवीत काउंटर, माजघरात मॅनेजर बसतात आणि वर माळ्यावर फायबरचा डबा, म्हणजे बाहेरून येणारी फायबर जिथे संपते आणि साधी केबल सुरू होते ते यंत्र. प्लॅन ३०० एमबीपीएसचा घेतलेला, जुना राउटर कमी पडतोय असं कोणीतरी सांगितलं म्हणून राउटरपण नवा आणलेला, चांगलाच होता, सगळे पोर्ट, म्हणजे केबल लावायची भोकं, गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची. तरी कॅशियर ताईंच्या मशीनवर स्पीडटेस्ट लावली की ९४. सकाळी लावा, दुपारी लावा, ९४. मॅनेजर काका म्हणाले, "पैसे तर घातले, आता अजून काय बदलू ते तरी सांगा." मी लॅपटॉप घेऊन माळ्यावर गेलो, थेट डब्याला लावला तर २९०. मग माळ्यावरून वळचणीतून खाली येणारी जी केबल होती तिचं खालचं टोक राउटरमधून काढून लॅपटॉपला लावलं, परत ९४. म्हणजे राउटरचा काही संबंधच नव्हता. टोक डोळ्याजवळ धरून बघितलं तर आठ तारांपैकी एक तपकिरी तार कनेक्टरच्या आत पोचलेलीच नव्हती, अर्धा सेंटीमीटर मागे राहिलेली. टोक कापलं, नवा कनेक्टर मारला आणि ताईंच्या मशीनवर २८५ आला.

अशी ऑफिसं मी खूप बघितली, लांज्यापासून देवगडपर्यंत, आणि दर वेळी एकच वाटतं की आधी मोजायला हवं होतं. लाईन डब्यापासून टेबलापर्यंत येताना चार-पाच तुकड्यांतून येते, डबा, केबल, राउटर, स्विच (एका केबलवरून अनेक मशीनना लाईन वाटणारी पेटी), परत केबल, वायफाय. चौपदरी रस्त्यात मध्येच एक अरुंद पूल आला की पुढे-मागे रस्ता कितीही रुंद असो, गाड्या पुलाच्याच हिशोबाने जाणार. तो पूल कुठे आहे ते शोधायचं आणि तेवढाच बदलायचा.

हा ९४ चा आकडा ओळखून ठेवा, तो स्वतःच सगळं सांगतो. जुन्या राउटरचे, जुन्या स्विचचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असायचे. केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटात तुमचा खरा माल १४६० बाइट आणि पत्ते, शिक्के, मधली मोकळी जागा धरून ते पाकीट तारेवर १५३८ बाइटची जागा खातं, म्हणून १०० च्या पोर्टमधून हातात ९४-९५ च पडतात. गिगाबिट पोर्टवर तेच गणित ९४० च्या आसपास येतं. त्यामुळे केबलवर टेस्ट लावून आकडा ९० ते ९५ मध्ये खिळल्यासारखा थांबत असेल तर वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट आहे किंवा केबल १०० वर चालतेय हे जवळजवळ नक्की. आणि आकडा सारखा वरखाली होत असेल, ४०, ११०, ६५, तर ते दुखणं वेगळं, बहुतेक वायफायचं नाहीतर लाईनचं.

लोकांची फसगत होते ती राउटरच्या खोक्यावरच्या आकड्याने. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन आपल्याकडे किती ऑफिसांत असेल त्याला गणती नाही, त्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण ते वायफायच्या रेडिओचं आहे, २००९ साली मंजूर झालेल्या ८०२.११एन या पद्धतीचं, तेही कागदावरचं. मागचे पोर्ट मात्र १०० चेच. तो राउटर २० च्या प्लॅनला, ५० च्या प्लॅनला उत्तम चालला, त्याने दहा-दहा वर्षं काम केलं, पण ३०० च्या लाईनला तो दार अर्धंच उघडणार.

तर मोजायचं कसं. एक लॅपटॉप घ्या ज्याला गिगाबिट पोर्ट आहे. हे आधी तपासा, बऱ्याच स्वस्त लॅपटॉपचा पोर्ट स्वतःच १०० चा असतो आणि मग माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. विंडोजमध्ये सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क, मग इथरनेट उघडा, खाली लिंक स्पीड लिहिलेला दिसतो, १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर लॅपटॉप, केबल, समोरचा पोर्ट या तिघांपैकी कोणीतरी कमी पडतंय. सोबत एक चांगली, छोटी, खात्रीची पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल, ठेवा. जेवणाच्या सुट्टीत किंवा ऑफिस बंद झाल्यावर करा, नाहीतर कोणाच्या तरी मशीनवर अपडेट उतरत असतो आणि आकडे चुकतात. पहिली टेस्ट फायबरच्या डब्याला थेट. दुसरी राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे ऑफिसच्या बाजूच्या (लाईन ज्यात शिरते तो वॅन). तिसरी स्विचला. चौथी टेबलावर जी केबल येते तिला. शेवटी वायफाय, राउटरच्या शेजारी उभं राहून एकदा आणि जिथे माणूस बसतो तिथे एकदा. सगळे आकडे कागदावर लिहा. जिथे आकडा धपकन पडला तिथेच तुमचा पूल.

डब्याला थेट लावल्यावर नेट चालतच नसेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ युजरनेम-पासवर्ड टाकून लॉगिन राउटर करत होता. ते लॉगिन, म्हणजे पीपीपीओई, विंडोजमध्येही नवीन ब्रॉडबँड कनेक्शन तयार करून टाकता येतं. काही ठिकाणी लाईन मॅक ॲड्रेसला, म्हणजे यंत्राच्या ओळख नंबराला, बांधलेली असते, म्हणजे समोरच्यांना तुमचा जुना राउटरच ओळखीचा असतो, अशा वेळी लाईनवाल्याला फोन करून मोकळी करून घ्यावी लागते. हे त्याच दिवशी विचारून ठेवा, राउटर बदलताना परत उपयोगी पडणार आहे.

आता केबलबद्दल थोडं जास्त बोलतो कारण आपल्या किनाऱ्यावर निम्मी दुखणी तिथेच असतात. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठच्या आठ लागतात. त्यामुळे जुन्या काळी मारलेली, अर्धवट मारलेली, उंदराने कुरतडलेली केबल वर्षानुवर्षं १०० वर बिनतक्रार चालते आणि गिगाबिट राउटर लावला की तिचं पितळ उघडं पडतं. काही ऑफिसांत तर पूर्वी पैसे वाचवायला एकाच केबलमधल्या चार तारा एका मशीनला आणि चार दुसऱ्या मशीनला दिलेल्या असतात. तशी केबल असेल तर दुसरी ओढल्याशिवाय गत्यंतर नाही.

केबलच्या अंगावर छापलेलं वाचा. कॅट५ई असेल तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं, नुसत्या कॅट६ च्या हट्टाने चांगली ओढलेली केबल उखडू नका. नवीन ओढायचीच असेल तर कॅट६ घ्या, पण अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली भरपूर आहेत, वरून दिसायला सारख्याच. ओळखायचं सोपं, एक तार सोलून ब्लेडने हलकी खरवडा, आतून पांढरट चंदेरी निघाली की ती ॲल्युमिनियमची. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, हर्णै, जिथे खारा वारा थेट खिडकीतून आत येतो तिथे ही केबल टोकाशी लवकर खराब होते आणि वाकवली की तुटते. तांब्यालासुद्धा टोकाला हिरवट कळंक चढतोच, पण ते टोक कापून नवा कनेक्टर मारला की काम होतं.

कनेक्टर मारताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा. क्लिपची बाजू खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ जेवढा कमी उकलाल तेवढं बरं, बोटभरसुद्धा नको. दाबण्याआधी कनेक्टर समोरून बघा, आठही तारांची टोकं काचेला टेकल्यासारखी पुढे दिसली पाहिजेत. आठ दिव्यांचा साधा केबल टेस्टर फार महाग नसतो, ज्या ऑफिसात दहा मशीन आहेत तिथे तो कपाटात असायलाच हवा. आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना आठ पोर्टचा स्विच विसरू नका, तो १०० चा असेल तर नवीन राउटर, नवीन केबल सगळं त्याच्यापुढे व्यर्थ.

समजा केबली ठीक, पोर्ट गिगाबिट, तरी डब्याला ३०० आणि राउटरमागे दीडशेच. मग राउटरचा प्रोसेसर दमतोय. अशा राउटरला टाकण्याआधी एक संधी द्या. सेटिंगमध्ये क्यूओएस (कोणाच्या ट्रॅफिकला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय), बँडविड्थ कंट्रोल, पॅरेंटल कंट्रोल, ट्रॅफिकची मोजणी असं काही चालू असेल ते बंद करा, कारण हे चालू असलं की बऱ्याच राउटरमध्ये प्रत्येक पाकीट प्रोसेसरला हाताने तपासावं लागतं. हार्डवेअर नॅट नावाचं बटण असेल तर ते चालू करा, म्हणजे पाकिटं पुढे पाठवायचं ओझं प्रोसेसरवरून उतरतं. वायफायची सिक्युरिटी टीकेआयपी या जुन्या कुलपावर असेल तर डब्ल्यूपीए२ एईएस या नंतरच्या कुलपावर आणा, टीकेआयपीवर ८०२.११एनचा राउटरसुद्धा ५४ च्या पुढे जात नाही, एवढ्या एका बदलाने वायफाय दुप्पट झालेलं मी बघितलंय. मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर मॉडेलसोबत व्हर्जन लिहिलेली असते, नेमकी तीच फाईल कंपनीच्या साईटवरून घ्यायची, वायफायवरून नाही तर केबल लावून टाकायची, आणि राउटर यूपीएसवर असतानाच, कारण मध्येच लाईट गेली तर राउटर कायमचा जाऊ शकतो आणि आपल्याकडे लाईट विचारून जात नाही. कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट बंद केले असतील तर माझं स्पष्ट मत, स्पीड पुरत असला तरी पैशाचे व्यवहार होणाऱ्या ऑफिसात तो राउटर मुख्य दारावर ठेवू नका.

नवीन घ्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट सगळ्यात आधी, वॅन आणि लॅन दोन्ही पोर्ट गिगाबिट आहेत का ते स्पेसिफिकेशनमध्ये शब्दशः वाचा. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर वायफाय), एसी१२००, चार अँटेना असं सगळं लिहिलेलं आणि पोर्ट मात्र १०० चे असे राउटर आजही विकले जातात, आर्चर सी५० तसाच आहे. वायफाय ६ चा घ्या, तो २०१९ पासून बाजारात आहे, भरवशाचा झालाय, आणि एकाच वेळी पंधरा-वीस फोन, मशीन जोडलेली असली की त्याचा फरक कळतो. वायफाय ७ साठी जास्तीचे पैसे छोट्या ऑफिसाने घालू नयेत असं मला वाटतं, त्यापेक्षा तेच पैसे केबल ओढायला घाला. अडीच गिगाबिटचा पोर्ट १००० च्या पुढचा प्लॅन असेल तरच. लाईनवाला व्हीलॅन नंबर (लाईनवर लावायचा खुणेचा नंबर) मागत असेल तर तो टाकायची सोय राउटरमध्ये आहे ना, हे दुकानातच विचारा.

जुना राउटर काढण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचे फोटो काढा. हे मी कळकळीने सांगतोय कारण एका शनिवारी संध्याकाळी मी हे न करता एका ऑफिसचा राउटर रीसेट मारला, लॉगिनचा पासवर्ड कोणाकडेच लिहिलेला नव्हता, लाईनवाल्याचा फोन बंद, आणि सोमवारी अकरापर्यंत ते ऑफिस नेटशिवाय बसलं, बाहेर म्हातारी माणसं पेन्शनचं विचारत उभी. त्यानंतर आजपर्यंत फोटो चुकवलेले नाहीत. पीपीपीओईचं युजरनेम, व्हीलॅन, स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, असेल तर तो आणि त्याच्यासोबतचे आकडे, डीएनएस, प्रिंटरला दिलेला ठरावीक आयपी, सीसीटीव्हीसाठी उघडलेले पोर्ट, मॅक ॲड्रेस, वायफायचं नाव आणि पासवर्ड. लॉगिनचा पासवर्ड तिथे फुल्याफुल्यांत दिसतो, तो आधीच लाईनवाल्याकडून लिहून घ्या.

मग नवीन राउटरला जुन्याचाच पत्ता द्या. जुना १९२.१६८.०.१ होता तर नवाही तोच, वायफायचं नाव आणि पासवर्डही तेच, फक्त पासवर्ड फार सोपा किंवा गावभर झालेला असेल तरच बदला. एवढं केलं की प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बोटाचं मशीन, सगळे आपापल्या जागी चालू होतात, कोणाच्या मागे लागावं लागत नाही. डबा दोन मिनिटं बंद ठेवून चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर जोडा, लॉगिन टाका. राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड लगेच बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय वायफाय जोडायची सोय) बंद, बाहेरून राउटर उघडायची सोय बंद. जुने प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांना डब्ल्यूपीए३ कळत नाही, म्हणून २.४ वर डब्ल्यूपीए२ राहू द्या.

हल्लीचा फायबरचा डबा बऱ्याचदा स्वतःच राउटर असतो, आणि त्याच्यामागे तुम्ही दुसरा लावला की दोघेही राउटरगिरी करायला लागतात. नेट चालतं, पण सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही, काही व्हीपीएन अडतात, आणि दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेट बंदच पडू शकतं. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर हाच प्रकार, मग एकतर लाईनवाल्याला डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरगिरी सोडून नुसती लाईन पुढे देण्यावर, टाकायला सांगा किंवा आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्यावर, टाका. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर लाईनवाल्याने एकच बाहेरचा पत्ता अनेकांत वाटलाय, तिथे पोर्ट उघडून काही उपयोग नाही, स्टॅटिक आयपी मागावा लागेल.

आता भिंती. जांभ्या चिऱ्याची भिंत दीड फूट जाड, पावसाळ्यात ओल धरलेली, तिच्यातून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताजाता दम तोडतं. राउटर कितीही महाग आणा, भिंत बदलत नाही. उपाय एकच, केबल आत न्या आणि त्या खोलीत वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. रिपीटर लावून बघितलेत लोकांनी, पण साधा रिपीटर घेणं-देणं एकाच रेडिओवर करतो म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. इथे तुमचा काढून ठेवलेला जुना राउटर कामाला येतो. त्याचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्या शेजारचा द्या, मुख्य १९२.१६८.०.१ तर याला १९२.१६८.०.२, त्याचं डीएचसीपी, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटायचं काम, बंद करा, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये लावा. पडवीत बसलेल्या माणसांना, पाहुण्यांच्या फोनला ९४ पुष्कळ झाले. २.४ चे चॅनल १, ६, ११ यांपैकीच ठेवा आणि दोघांचे वेगळे. राउटर लोखंडी कपाटावर किंवा कपाटामागे ठेवू नका, पत्र्याच्या छपराला चिकटवूनही नको.

विजेचं बघा. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की ॲडॅप्टर काढाच, आणि नुसता ॲडॅप्टर काढून पुरत नाही, दोन इमारतींमध्ये बाहेरून ओढलेली तांब्याची केबल असेल तर ती पण दोन्हीकडून काढा, पोर्ट जळतात ते तिच्यातूनच. शक्य असेल तर ती केबल काढून तिथे फायबरच टाका, आणि टाकताना तिच्यासोबत आधाराची लोखंडी तार असेल तर ती घरात न आणता बाहेरच तोडा. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेतलात तर त्यावर डबा आणि राउटर दोन्ही दोन-तीन तास निघतात, मात्र ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर नव्याच्या पिनीत बसतो म्हणून लावलेला मी बघितलाय, राउटर दिवसभर चालू-बंद होत होता आणि शिव्या लाईनला पडत होत्या. खिडकीतून केबल आत घेताना बाहेर तिला खाली एक झोळ द्या, पागोळ्यांचं पाणी झोळाच्या तळातून गळून जातं, नाहीतर केबलवरून सरळ चालत राउटरमध्ये येतं. रिकामे पोर्ट रबराच्या बुचांनी बंद करा. आणि नदीकाठच्या गावात असाल तर सगळं उंचावर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा टेबलाखाली, जमिनीलगत ठेवलेलं काही राहिलं नाही.

सगळं झालं की त्याच सगळ्या ठिकाणी परत टेस्ट लावा, त्याच लॅपटॉपने. आकडे, तारीख, राउटरचा पत्ता आणि लाईनवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवा, पासवर्ड मात्र त्यावर नको, तो मॅनेजरकडे बंद पाकिटात. राजापूरच्या काकांच्या कपाटात तो कागद आहे, त्यावर ते सगळे आकडे आहेत, आणि दिवाळीनंतर एकदा परत टेस्ट लावून शेजारी नवे आकडे लिहायचे असं आमचं ठरलंय.